सीतादहीच्या दिवशीचं हसू

सिनेमाचा तंबूवाला भोंग्यातून दिवसभर ओरडत होता, "हासून हासून पोट दुखन! बायकापोरायले घेऊन या!"

घाटंजीच्या बाजारात विठ्ठलरावांनी ते ऐकलं आणि त्यांच्या मनात आलं, यंदा वेचणी सुरू व्हायच्या आधी आपल्या वेचणाऱ्या बायकांना सिनेमा दाखवावा. माणूस दिलाचा चांगला होता. जवळच्या पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या, बायका वर्षानुवर्षं त्यांच्याच शेतात कापूस वेचायच्या. रुपीबाई त्यांची म्होरकी. तिनं तर जन्मात सिनेमा पाहिला नव्हता. विठ्ठलरावांनी गाडी जुंपली आणि सगळ्यांना घेऊन गेले. बायका पुढे जमिनीवर बसल्या, विठ्ठलराव आणि त्यांच्या पत्नी इंदूबाई मागे खुर्च्यांवर.

काय तो सिनेमा! सांगतानाही किळस येते. शहरातला गुळगुळीत नायक वाट चुकून जंगलात शिरतो. तिथली माणसं म्हणजे तोंडाला काजळी फासलेले नट. कमरेला पाला, गळ्यात हाडकं. ते साबण खातात, तोंडातून फेस काढतात, नायकाच्या घड्याळापुढे लोटांगण घालतात. त्यांचं बोलणं म्हणजे नुसतं हुबुहुबू. नायक एकेकाच्या पेकाटात लाथ घालतो आणि लोक हसून लोळतात! मध्येच मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, ह्याच्यातले चारदोन तं पुढच बसले हायेत!"

साऱ्या माना कोलाम बायकांकडे वळल्या. हशा दुप्पट झाला. रुपीबाईनं पदर तोंडावर ओढून घेतला. विठ्ठलराव हसतच होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. इंदूबाईंनी मात्र पडद्याकडे पाठ फिरवली. जाताना गाडीत गाणी म्हणणाऱ्या बायका येताना डोक्यावरून पदर ओढून बसल्या.

सकाळी चुलीपाशी चहा देताना इंदूबाईंनी विचारलं, "तुमी काहून हासले?"

"अवं, हासाचाच सिनेमा होय थो. खरं थोडंच हाय?"

"खरं नाई, तं मंग साऱ्या तंबूनं रुपीबाईकडं काहून पाह्यलं?"

"तू बी ना! येवढीशी गोष्ट कायले मनाले लावून घेते?" म्हणत विठ्ठलराव बैलांकडे गेले.

दोन दिवसांनी सीतादही होती. शेतात कापूस फुटला की आमच्याकडे पहिलं बोंड तोडायच्या आधी झाडाला हळदकुंकू लावतात, दहीभात शिंपडतात आणि मगच बायका कमरेला ओटी बांधून वेचायला लागतात. विठ्ठलरावांच्या शेतात हा मान रुपीबाईचा. दहीभात शिंपडता शिंपडता ती आपल्या कोलामी बोलीत काहीतरी म्हणायची. काय म्हणायची ते कोणाला कळत नसे, पण त्याशिवाय वेचणी सुरू होत नसे.

त्या दिवशीही तिनं डोळे मिटले आणि बोलायला सुरुवात केली. विठ्ठलराव हात जोडून समोर उभे होते. ते शब्द कानावर पडले आणि त्यांच्या डोळ्यांपुढे ते काजळी फासलेलं तोंड आलं, तो साबणाचा फेस आला. त्यांना फसकन हसू फुटलं!

रुपीबाई मधेच थांबली. दहीभाताची वाटी तिनं हळूच खाली ठेवली.

"म्हन ना, रुपीबाई," विठ्ठलराव ओशाळून म्हणाले. "आता नाई हासत."

"नाई, मालक. मी बोलन तं तुमाले थोच सिनेमा ऐकू येईन."

ती पोडाच्या वाटेला लागली. तिच्यामागे साऱ्या बायका गेल्या. फुटलेला कापूस तसाच झाडांवर राहिला.

"पाह्यलं?" इंदूबाई नवऱ्याकडे वळल्या. "तंबूत तुमी पैसे देऊन हासले. आज तं फुकट हासले, अन् थे बी देवाच्या कामात! तिच्या हातचा कापूस घरात चालते, तिचं बोलनं तेवढं हासाचं? आपन मोठ्या शहरात आपली ही बोली बोललो अन् लोक असेच हासले, तं तुमी काय करान?"

स्वतःचंच ते फसकन फुटलेलं हसू विठ्ठलरावांना पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं आणि त्याची शिसारी येत होती. तंबूत मागून ओरडलेला तो माणूस आणि आपण यांत फरक तो काय? तो मोठ्यानं बोलला, एवढाच!

दुपारी ते एकटेच पोडावर गेले. रुपीबाई झोपडीपुढे सूप घेऊन धान पाखडत होती.

"रुपीबाई, वेचनीसाठी नाई आलो. चुकलो म्हनाले आलो." त्यांनी हात जोडले. "इतके वर्सं तू माह्या शेतात काय म्हनते, थे मी कधी विचारलं नाई. आज सांगते का?"

तिनं सुपातलं धान टोपलीत ओतलं. मग खाली पाहूनच म्हणाली, "बोंडाले म्हनतो, आमी तुले तोडून राह्यलो, राग नोको धरू. पाखरायच्या खोप्यासाठी थोडासा कापूस ठेवतो. अन् मंग म्हनतो, मालकाचं आंग झाक, त्याच्या लेकरायचं आंग झाक. कोनाले उघडं ठेवू नोको."

विठ्ठलरावांनी मान खाली घातली. त्यांच्याच अंगावर कापसाचं धोतर होतं, आणि ते हसले होते कमरेला पाला गुंडाळलेल्या माणसांना!

पुढच्या बाजारी भोंगा पुन्हा ओरडत होता. विठ्ठलराव तिकिटाच्या खिडकीपाशी उभे राहून ओळखीच्या प्रत्येकाला सांगत होते, "नोका जाऊ. घान हाय थे." काही जण परतले. बरेचसे त्यांनाच हसून आत गेले.

वेचणीला रुपीबाई परत आली. तिनं दहीभात शिंपडला. विठ्ठलराव कान देऊन उभे राहिले. पण तिचे नुसते ओठ हलले. शब्द तिनं मनातच म्हटले आणि वेचणी सुरू झाली.

वाचकहो, ज्या विनोदापायी कोणाला तरी आपलं तोंड पदराआड लपवावं लागतं, तो विनोद नव्हे, ती माणसाच्या तोंडावर टाकलेली थुंकी आहे. तंबू उठतो, दुसऱ्या गावी जातो, पण ते हसू आपल्या तोंडात राहून जातं. पुढच्या वर्षी रुपीबाई मोठ्यानं बोलेल की नाही, हे तिच्या हातात नाही. ते आपण कशाला हसतो यावर आहे!