हापसालूचा घड्याळजी

सल्मे लेपिकनं आपल्या भावाची गोष्ट आयुष्यात एकाच परक्या माणसाला सांगितली, आणि त्या मेल्यानं ती साबण कंपनीच्या मालिकेत घातली.

स्टॉकहोमबाहेरच्या स्टुडिओत बुधवारी सकाळी नव्या भागाची पानं तिच्या हातात पडली. मालिका अमेरिकन टीव्हीची होती, पैसा साबण कंपनीचा. हॅरिगन नावाचा वार्ताहर, अंगात रेनकोट, तोंडात सिगारेट, दर आठवड्याला युरोपातल्या एखाद्या अंधाऱ्या शहरात खून उलगडायचा आणि न्यूयॉर्कला तार ठोकायचा. बर्लिन असो की तांजिर, शहरं सगळी इथंच उभी राहायची, प्लायवूडची. गल्ली तीच, फक्त पाट्या बदलायच्या. सल्मेचं काम नोंदी ठेवायचं. टोपी कुठल्या हातात होती, सिगारेट किती जळली होती, कुठला शॉट चांगला झाला. पटकथाही एरवी तीच टाइप करायची. हा भाग मात्र लेखकानं, वॉरन किट्रेजनं, परस्पर दुसरीकडून टाइप करून घेतला होता. "तुला सरप्राइज आहे," म्हणाला होता.

सरप्राइज आठव्या पानावर होतं. पूर्वेकडून पळालेली एक बहीण हॅरिगनला सांगते, की चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात होडीत शेवटची जागा भावानं मला दिली आणि स्वतः किनाऱ्यावर राहिला. आता तो रशियनांच्या ताब्यातल्या एस्तोनियात, हापसालू गावात, मेलेल्या माणसाच्या नावाच्या कागदांवर जगतोय. घड्याळं दुरुस्त करतो. डाव्या हाताची दोन बोटं लाकूडगिरणीत गेली आहेत. गेल्या वसंतात जहाजावरच्या स्वयंपाक्याबरोबर त्यानं निरोप पाठवला.

यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. खोटा होता तो शेवट. शेवटी हा भाऊ पोलिसांना विकला गेलेला निघत होता आणि हॅरिगन त्याला कुत्र्यासारखी गोळी घालत होता.

सल्मेच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. किट्रेजचा राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. कारण चूक तिची होती, आणि ती अशी की या देशात राहिलेल्या माणसाच्याच हातून व्हावी. इथं कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. कॅमेरामन एकब्लाद दोन वर्षं तिच्या कोपराला कोपर लावून उभे होते, अजून "लेपिकबाईंना कॉफीत साखर चालेल का?" असंच विचारायचे, जणू लेपिकबाई म्हणजे शेजारच्या खोलीतलं कुणी. नावावर यायचं तर त्याचा रिवाज असतो. मोठ्यानं किंवा बाईनं आपणहून पुढाकार घ्यायचा, पेला उचलायचा, डोळ्यांत बघून आपलं नाव सांगायचं. एकदा नावावर आलं की मागं फिरता येत नाही. तो माणूस मग जन्माचा आपला.

आणि किट्रेज पहिल्याच दिवशी हात पुढं करून म्हणाला होता, "हाय सल्मे, मी वॉरन!"

चर्चमधल्या चार एस्तोनियन बायका सोडल्या तर आठ वर्षांत या शहरात तिला कुणी सल्मे म्हटलं नव्हतं. अमेरिकन माणूस लिफ्टवाल्यालासुद्धा नावानंच हाक मारतो, हे तिला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि काळजाला समजणं वेगळं. तिसऱ्या आठवड्यात कॉफी पिता पिता तिनं त्याला एन्डेलची, आपल्या भावाची, गोष्ट सांगितली. त्यानं तिचा हात हातात घेतला होता. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं होतं, नालायकानं.

ती पानं घेऊन ती त्याच्या खोलीत गेली.

"वाचलंस?" किट्रेज खुर्चीतून उठलाच. "न्यूयॉर्कवाले वेडे झालेत! आजवरचा बेस्ट भाग आहे हा."

"वॉरन, हे काढ. गाव काढ, धंदा काढ, बोटं काढ."

"अगं, नाव बदललंय की! एन्डेलचा अँटन केलाय."

"हापसालू एवढंसं गाव आहे. दोन बोटं नसलेले घड्याळजी तिथं किती असतील? मोजायला तुझं एक बोट पुरेल."

"कोण बघणार आहे ते? ओहायोतली एखादी बाई, नवऱ्याचे शर्ट इस्त्री करता करता!"

"न्यूयॉर्कात रशियनांची माणसं बसलीत. त्यांच्याकडे टीव्ही नाहीत?"

"सल्मे, सल्मे." त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही लोक सगळीकडे हेरच बघता. साबणवाल्यांनी पटकथा मंजूर केलीय, आता काना बदलता येत नाही. आणि बोटं म्हणजे तर जान आहे! घड्याळाच्या काट्यावर तीन बोटांचा क्लोजअप! तू खूश व्हायला हवंस. भाऊ अमर झाला तुझा."

"तो आधी जिवंत राहू दे," सल्मे म्हणाली. किट्रेज हसला. जोक समजला तो.

गुरुवारी सकाळी घड्याळजीचा प्रवेश चित्रित झाला. भाऊ झालेला नट माल्मोच्या नाटकमंडळीतला होता. दोनच्या गाडीनं परत जाऊन त्याला उद्या नाटकाला उभं राहायचं होतं. तो तीन बोटांनी घड्याळ उघडत होता आणि आपल्या गावाचं नाव सांगत होता. सल्मे वहीत लिहीत होती: काच उजवीकडे, चिमटा डावीकडे, डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट दुमडून बांधलेलं. स्वतःच्या भावाची ओळख पटवायचे कागद आपण स्वतः लिहितोय असं तिला वाटलं, आणि पेन्सिलीचं टोक मोडलं.

जेवणाची घंटा झाली. गुरुवार, म्हणजे स्वीडनभर वाटाण्याचं घट्ट सूप आणि वर पॅनकेक. सगळे धावले. सुतारांनी तेवढ्यात घड्याळजीच्या दुकानावर हातोडे घातले, कारण सकाळपर्यंत तिथं तांजिर उभं करायचं होतं. सल्मे जेवायला गेली नाही. ती फिल्मच्या खोलीत शिरली, दिवा लावला, त्या प्रवेशाचे दोन्ही डबे उघडले आणि धुवायची बाकी असलेली, उजेड लागताच वाया जाणारी फिल्म हातभर, मग वावभर ओढून काढली. काळीभोर, चकचकीत, गुडघ्यापर्यंत ढीग. किट्रेजचा गळा हाताशी असता तर तोही तिनं असाच ओढला असता.

दार उघडलं. एकब्लाद आत आले. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या राहिल्या होत्या म्हणून सूप टाकून आले होते.

त्यांनी उघडे डबे पाहिले. मग त्यांचा चेहरा लाल झाला.

"लेपिकबाईंना कळतंय का, बाई काय करताहेत ते?"

"कळतंय."

"एकतीस वर्षं! एकतीस वर्षांत माझ्या हातून वीतभर फिल्म वाया गेली नाही. लेपिकबाईंचं डोकं फिरलंय का?"

"तो घड्याळजी माझा भाऊ आहे," सल्मे म्हणाली. "खरा. जिवंत. हे तिकडं दिसलं तर पकडतील त्याला. किट्रेजला मीच सांगितलं होतं. मीच मूर्ख. बोलवा पोलिसांना. मला या देशातून हाकलतील, हाकलू देत."

एकब्लाद ढिगाकडे बघत राहिले. त्यांचा राग उतरला नव्हता. तो फक्त दुसरीकडे वळत होता, आणि सल्मेला तो वळताना दिसला.

"त्या पोराला सांगितलं," ते म्हणाले. "तीन आठवड्यांच्या ओळखीत. मी दोन वर्षं शेजारी उभा होतो."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"विचारायचं नसतं," ते खेकसले. मग गुडघे टेकून खाली बसले, फिल्म गोळा केली, डब्यात कोंबली आणि झाकण लावलं. "कॅमेऱ्यावरच्या फिल्मपेटीचं, मॅगझिनचं, झाकण सैल होतं. उजेड शिरला. मी बघायला हवं होतं. लेपिकबाई इथं आल्याच नव्हत्या."

अडीच वाजता किट्रेजचा आरडाओरडा अख्ख्या स्टुडिओनं ऐकला. त्यानं एकब्लादना म्हातारा म्हटलं, आंधळा म्हटलं, घरी जाऊन मासे पकडा म्हटलं, तेही सगळ्या सुतारांसमोर. ज्या माणसाच्या हाताखाली अर्धा स्टुडिओ शिकला होता तो माणूस टोपी हातात धरून ऐकत उभा राहिला. सल्मेनं तोंड उघडलं, तशी त्यांनी तिच्याकडे अशी नजर टाकली की तिनं ते मिटलं. आयुष्यात गप्प बसणं तिला एवढं जड कधीच गेलं नव्हतं.

नट गाडीत बसला होता. दुकानाच्या फळ्या झाल्या होत्या. बहिणीचा प्रवेश अजून व्हायचा होता, पण घड्याळजीच नाही तर बहीण कुणाबद्दल बोलणार? हाताशी उरला होता तो काल दुपारी घेतलेला एकच शॉट: अंधाऱ्या गल्लीत एक पाठमोरा माणूस धावतो आणि पडतो. किट्रेज येरझाऱ्या घालत होता. अचानक थांबला.

"टाइप कर, सल्मे. हॅरिगनच्या आवाजात. 'तो कोण होता, कुठून आला, मला कधीच कळलं नाही. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.'" त्यानं टाळी वाजवली. "नाव नसलेला माणूस! आधीपेक्षा शंभर पटीनं भारी! बहीण नको, घड्याळ नको, सगळं उडव!"

सल्मेनं टाइप केलं. एक अक्षर चुकू दिलं नाही. कागद काढून दोनदा वाचला. हापसालू नव्हतं. बोटं नव्हती. एन्डेल कुठंच नव्हता.

किट्रेजनं कागद घेतला आणि टेबलाच्या कडेवर बसला. ओरडलेलं सगळं एवढ्यात विसरलाही होता. "वाईट वाटून घेऊ नकोस गं. तुझी ती गोष्ट वाया गेली खरी." तो पुढं वाकला. "अजून एखादी आहे का तुझ्याकडे? होडीत आणखी कोण कोण होतं, सल्मे?"

होडीत चौतीस जण होते. प्रत्येकाचं कुणी ना कुणी मागं राहिलं होतं.

"लेपिकबाई," ती म्हणाली.

"काय?"

"मला लेपिकबाई म्हणायचं. आजपासून."

"अगं, झालं काय तुला? मी वॉरन!"

"किट्रेजसाहेबांना आणखी काही टाइप करून हवंय का?"

तो खो खो हसला. बघा कशी रागावलीय, असं दाखवायला त्यानं आजूबाजूला पाहिलं, पण सुतारांपैकी कुणीच हसलं नाही.

एकब्लाद कोपऱ्यात एका खोक्यावर बसून मॅगझिन पुसत होते. त्याचं झाकण मुळीच सैल नव्हतं. सल्मेनं किटलीतून दोन कप कॉफी ओतली, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि एक कप त्यांच्या हातात दिला. पेल्यात खरं तर दारू हवी. गुरुवारी दुपारी स्टुडिओत कुठून आणणार? तिनं कप उचलला आणि त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"सल्मे," ती म्हणाली.

म्हातारा उठून उभा राहिला. त्यानं टोपी काढली.

"तुर्स्टेन," तो म्हणाला. "बस, सल्मे. आता सांग मला, कसा आहे तुझा भाऊ?"