डुकराच्या नावाने गायलेली पट्टी

गावचे मांत्रिक जेरो सुदिर्गा यांनी पद्मीचं नाव घेतलं आणि मंडपाच्या पलीकडच्या टोकाचं वाद्य आपोआप गुणगुणलं. त्याच्या आसपास माणूस सोडा, कोंबडंही नव्हतं. सगळं गाव एकदम मागे सरकलं. मागे भिंत होती, म्हणून सरकणं थोडक्यात आटोपलं.

रेन्तांगने पद्मीला छातीशी ओढलं. पद्मी त्याची मुलगी. परवापासून तापाने फणफणलेली, आत्ताही त्याच्या मांडीवर ग्लानीत होती.

"ऐकलंत?" जेरो म्हणाले. "आजीचं नाव घेतलं, गप्प. बापाचं घेतलं, गप्प. पोरीचं घेतलं, बोलला. पौर्णिमेपर्यंत हिने वेस ओलांडायची नाही. दवाखाना वेशीबाहेर बांधला, त्याला मी काय करू? आणि एक काळं डुक्कर लागेल."

"डुक्कर कशाला?" रेन्तांगच्या बायकोने, सुकेर्तीने विचारलं. ती शाळेत विज्ञान शिकवायची.

"त्याला भूक लागते."

"कोणाला?"

"त्याचं नाव घेत नसतात."

"सूनबाई, गप्प बस," सासू कापऱ्या आवाजात म्हणाली. "ऐकतंय ते."

जेरोंची रीत सोपी होती. एकेक नाव घ्यायचं, पुढ्यातल्या वाद्याची एक काशाची पट्टी ठोकायची, लगेच बोटांनी धरून तिचा आवाज मारायचा आणि पलीकडच्या जोडीच्या वाद्याकडे कान लावायचा. ते गायलं, की बाधा.

ही जोडी रेन्तांग लहानपणापासून वाजवत आला होता. एवढ्या वर्षांत ती आपणहून कधी बोलली नव्हती. गेल्या महिन्यात जेरोंनी दोन्ही वाद्यं शुद्धीकरणाला नेली आणि परत आली ती बोलकी होऊन. त्याला आणखी एक गोष्ट खटकली होती. पण भीतीपोटी ती त्याने गिळली होती.

"जेरो," सुकेर्ती शांतपणे म्हणाली, "गेंदुतचंही नाव घ्या ना."

"गेंदुत कोण?"

"आमचं डुक्कर. त्यालाच बाधा असली, तर खाणाऱ्याला बाधेल."

हे गावाला अगदी पटलं. दोघातिघांनी मानाही डोलावल्या. जेरोंनी एक पट्टी ठोकली. पलीकडे शांतता.

"डुक्कर निर्मळ आहे."

"ती पट्टी नाही. पद्मीला वाजवलीत ती."

"पट्टी मी निवडत नाही, माझा हात निवडतो."

"मग यांचा हात निवडू दे." ती नवऱ्याकडे वळली. "ब्ली, उठा."

रेन्तांगला वाटलं, हात लावला तर आपण जागच्या जागी मरू. तेवढ्यात मांडीवरची पोर कण्हली. त्याने तिला आईकडे दिलं, उठला, पद्मीच्या वेळची मधली पट्टी ठोकली, धरली आणि म्हणाला, "गेंदुत."

पलीकडचं वाद्य गायलं.

"अरे देवा, डुक्करही गेलं," सासू पुटपुटली.

रेन्तांगने पुन्हा ठोकली. "जेरो सुदिर्गा."

वाद्य गायलं. जेरोंच्या शेजारी बसलेले लोक हळूच लांब झाले.

आता त्याने गिळलेली गोष्ट ओकली. "या दोन वाद्यांतलं एक कारागीर मुद्दाम किंचित उतरतं ठेवतो. दोन्ही एकदम वाजली की सूर थरथरतो, लाट उठते. शुद्धीकरणापासून मधल्या पट्टीची लाटच नाही." त्याने पलीकडची पट्टी उलटी केली. बाकीच्या खालून काळ्या पडलेल्या. ही मधोमध ताजी खरवडलेली, लखलखीत.

"खरवडून दोन्हींचा सूर एक केलाय," सुकेर्ती म्हणाली. "सूर तंतोतंत जुळला की एकीचा कंप हवेतून दुसरीला लागतो. फरक असला तर नाही लागत. म्हणूनच आजवर कुणाला बाधा नव्हती."

तिने नैवेद्यातला चिकट भाताचा गोळा त्या पट्टीच्या पाठीला थापला. रेन्तांगने पुन्हा ठोकून पाहिलं. पलीकडे चिडीचूप. मग दोन्ही एकदम वाजवल्या, आणि थरथरती लाट मंडपभर पसरली. भाताच्या वजनाने सूर उतरला होता.

"मी म्हटलंच होतं, नैवेद्य दाखवा," जेरो म्हणाले. पण तोवर ते चपला शोधत होते.

रेन्तांगने पद्मीला मधे घेऊन मोटारसायकल काढली. मागे सुकेर्ती. वेशीपाशी त्याचा हात आपोआप ब्रेककडे गेला.

"ब्ली, चला," ती म्हणाली. "तिचं अंग बघा कसं भाजतंय."

डॉक्टरांनी रक्त तपासलं. डेंगी. "पौर्णिमेची वाट बघितली असतीत तर हाती लागली नसती," एवढंच म्हणाले आणि सलाईन लावली. रेन्तांग बाकावर बसून सलाईनचे थेंब मोजत होता. भीती तेवढीच होती. आता ती भिण्यासारख्या गोष्टीची होती.

पद्मी वाचली. बाधा झालेला गेंदुतही धडधाकट आहे, उलट जाडच झालाय. सुकेर्ती वर्गात मुलांना सांगते तेच सगळ्यांना सांगण्यासारखं आहे: कुणी तुमचं नाव घेऊन घाबरवलं, तर त्याचा हात कुठल्या पट्टीवर पडतो ते बघा. मग त्याच पट्टीवर डुकराचं नाव घेऊन बघा. आणि ताप आला तर आधी दवाखाना गाठा.