हवा सोडताना

त्याने व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवला, काढला, पँटला पुसला आणि पुन्हा ठेवला.

"धुऊन या हवं तर," शेजारी उभी असलेली बायको म्हणाली.

समोर काँक्रीटचा घुमट होता, जमिनीवर उपडी घातलेली मोठी वाटीच जणू. त्याच्या पोटात रबरी कापडाचा फुगा टम्म फुगलेला होता. आधी फुगा भरायचा, त्यावर तारेची जाळी अंथरायची, वरून काँक्रीट फवारायचं आणि थर पक्का झाला की हवा सोडायची. फुगा खाली बसतो, घर उभं राहतं. ना खांब, ना तुळई. आयुष्यभर त्याने अशीच घरं बांधली. लोकांनी त्याचं नाव फुगेवाले पाडलं आणि ओघानेच हिचं फुगेवालीण. "घराला कोपराच नाही, मग रुसून बसायचं कुठे?" असं जो तो विचारायचा. कपाट भिंतीला टेकत नाही म्हणून कित्येकांनी घरं सोडलीसुद्धा. हा मात्र हटला नाही.

आजचं घर त्याचं नव्हतं, लेकीचं होतं. तिने थर त्याच्यापेक्षा दोन बोटं पातळ ठेवला होता. "अंड्याचं कवच मुठीत दाबलं तरी फुटत नाही, हे मला कुणी दाखवलं, बाबा?" एवढंच तिचं उत्तर. वर त्याचाच नियम तिने त्याच्या गळ्यात घातला होता : ज्याने बांधलं, त्याने हवा सोडताना आत बसायचं. तडा जाण्याआधी काँक्रीट कुरकुरतं आणि ती कुरकुर फक्त आतून ऐकू येते. आतल्याने आतून बाहेर काढलेल्या लोखंडी पाइपावर ठोके द्यायचे. सुटा ठोका म्हणजे सगळं ठीक. लागोपाठ ठोके म्हणजे व्हॉल्व्ह बंद करा, हवा परत भरा.

"मुंगे, मी बसतो आत," सकाळपासून त्याचं लेकीला हेच चाललं होतं.

"घर कुणी बांधलं?" म्हणत ती हेल्मेट चढवून, दुहेरी कापडी दारातून वाकून आत गेलीही.

त्याने चाक फिरवलं. हवा सूं करत बाहेर पडू लागली. ठोका आला. जरा वेळाने आणखी एक. त्याने श्वास सोडला, पण खांदे काही खाली येईनात. इतकी वर्षं या जागी बायको उभी राहायची. आतून बाहेर आला की तो तिला चिडवायचा, "हवा सोडत होतीस की थेंब थेंब औषध घालत होतीस?" बाहेरचं काम सोपं, हे त्याने गृहीतच धरलं होतं.

पुढचा ठोका आला नाही.

"तुला ऐकू आला का गं?"

"आला असता तर बोलले नसते?"

त्याने चाक गच्च आवळलं. सूं थांबलं.

"उघडा," बायको म्हणाली.

"अगं, ती गप्प आहे!"

"गप्प आहे, ओरडत नाहीये. लागोपाठ ठोके आलेत का? अर्ध्यात थांबवलं की कापड अंगावर लोंबतं, आतल्याला काही दिसत नाही. तुम्हीच शिकवलंय."

त्याने चाक पुन्हा सैल केलं. पाइप मुका तो मुकाच.

"तुम्हाला आत डुलकी लागली होती," ती पाइपावरची नजर न हलवता म्हणाली. "त्या गोदामाच्या वेळी."

ती त्याची लाडकी गोष्ट. पाहुणे आले की रंगवून सांगायचा : डोक्यावर एवढं काँक्रीट, आणि हा पठ्ठ्या खाली घोरतोय! सगळे पोट धरून हसायचे. बायको तेवढ्यात ताटं उचलायला उठायची.

"तेव्हा तू काय केलंस?" त्याने विचारलं. आजवर हे विचारायचं सुचलंच नव्हतं.

"काय करणार? मुंगी पोटात होती. ती लाथा मारत होती, मी चाक फिरवत होते."

हवेचा आवाज बारीक होत गेला.

ठण्.

सुटा, कोरडा, एकच. पाठोपाठ काही नाही. मग निवांत आणखी एक. हवा संपली. दारातलं कापड हललं, आणि पांढऱ्या धुळीने माखलेली लेक रांगत बाहेर आली.

"हातोडीच निसटली हातातून! कापडाखाली चाचपत बसले. आणि मध्येच बंद काय केलंत, बाबा? मुंगीची चटणी झाली असती माझी." ती खदखदून हसली. "चला आत. एक तडा दाखवा, म्हणाल ती पैज हरले!"

तो बायकोला हाक मारायला वळला. ती जागच्या जागी मातीत बसली होती, गुडघे छातीशी घेऊन, तळवे उताणे टाकून. तळव्यांकडेच बघत होती. दर वेळी ती अशीच बसत असेल का? त्याला ठाऊक नव्हतं. त्या वेळी तो लोकांना घर दाखवत फिरत असायचा.

तो तिच्या शेजारी खाली बसला.

"बाबा! घर बघायचं नाही का?"

"तू हो पुढे," तो म्हणाला. "आई उठली की येतो."