टिळ्याचं घड्याळ

आमच्या यांना घड्याळांचं वेड. खऱ्यांचं नव्हे, खऱ्यासारख्या दिसणाऱ्यांचं. महागड्या स्विस घड्याळाची नक्कल मागवायची, डोळ्याला भिंग लावून बसायचं आणि मोबाइलवरच्या खऱ्याच्या फोटोशी एकेक अक्षर ताडून बघायचं. भाजीत मीठ पडलं नाही तरी या माणसाला कळत नाही, पण तारखेचा आकडा केसभर जाड असला की लगेच कळतं. मी हसायचे. माझ्या नणंदेचं, राजेश्रीचं, लग्न वालूरच्या भागवतशी ठरलं आणि माझं हसू गेलं.

आमच्याकडे टिळ्याला, म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला कुंकू लावायला जातात तेव्हा, मुलीच्या भावानं नवरदेवाच्या हातात घड्याळ घालायचं असतं. भागवतचे मामा दत्तराव यांनी बैठकीतच आपलं सोनेरी मनगट पुढं केलं होतं. "असलंच पायजे. कंपनीचं." तसलं खरं घेणं आमच्या सात पिढ्यांना जमलं नसतं. यांनी नक्कल मागवली आणि फक्त मला सांगितलं.

"वजन बघ. काटा बघ, कसा न थांबता सरकायलाय. खऱ्याचा असाच सरकतो. कुणाच्या बापाला कळायचं न्हाई."

आणि कळलं तर? आमच्या चारठाण्याहून वालूरला जाताना माझ्या डोक्यात एवढंच होतं. भरल्या मांडवातून परत फिरवलेल्या घरची पोरगी पुन्हा कोण करतं? राजेश्री बिचारी घरी स्वतःच्याच साड्यांना फॉल लावत बसली होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

टिळा लागला, कपडे देऊन झाले. यांनी भागवतच्या हातात घड्याळ घातलं. आता पंगती बसणार, तेवढ्यात दत्तमामा म्हणाले, "बघू."

भागवतनं मुकाट्यानं हात पुढं केला. मामांनी घड्याळ काढून घेतलं, कानाला लावलं, मग आपल्या घड्याळाशेजारी धरलं. बोलणारे वळून बघायला लागले.

"महारुद्रराव, हे नकली हाय."

मामांनी दोन्ही घड्याळं यांच्या डोळ्यापुढं धरली.

"काटा बघा ना. घसरायलाय नुस्ता. माझा बघा, कसा टक टक करत जायलाय. ह्याला म्हंतेत अस्सल."

मी मान उंच करून बघितलं. मामांचा काटा उड्या मारत होता. यांच्या संगतीत एवढं मलाही कळायला लागलं होतं. मामांचं घड्याळ नकलीच होतं, आणि आमच्याहून लय हलकं.

यांचे ओठ हलले आणि मला धडकीच भरली. घड्याळाच्या बाबतीत या माणसाला खोटं सहन होत नाही. भर मांडवात मामांची अब्रू काढली की लग्न तिथंच मोडणार. मी डोळे मोठे केले. देवा, यांची जीभ आवर, एवढंच मनात येत होतं.

"चुकलं, मामा," हे खाली बघत म्हणाले. "मला फसवलं विकणाऱ्यानं. तुमची नजर पक्की. तुमच्यासारखंच आणून देतो."

मामा खुलले. "माझ्यासारखंच. टक टक वाजणारं." लोक हसले, पंगती बसल्या. माझा जीव भांड्यात पडला.

घरी आलो तर राजेश्री दारातच.

"वहिनी, झालं ना समदं नीट? काय म्हणाले?"

"मामा म्हणाले..."

"मामा न्हाई वो. ते."

मी आठवायला लागले. मामांनी हातातलं घड्याळ काढलं तेव्हा भागवत काही म्हणाला नाही. होणारा मेव्हणा चारचौघांत माफी मागत होता, तेव्हा तो मामांच्या तोंडाकडं बघत होता. हातसुद्धा त्यानं तसाच पुढं धरून ठेवला होता, मामा म्हणतील तेव्हा मागं घ्यायला. घड्याळाला यांनी महिनाभर भिंग लावलं. पोराकडं आम्ही कुणी धड बघितलंच नव्हतं.

दिवसभर मी लग्न मोडेल म्हणून भ्याले होते. आता ते मोडलं नाही, याचीच भीती वाटायला लागली.

"सांगा की, वहिनी," राजेश्री म्हणाली.