न विचारता घेतलेला आवाज

अंध मुलांच्या शाळेत गणित शिकवणारे सर स्वतःही जन्मापासून अंध. संगणकावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं परदेशी सॉफ्टवेअर शाळा कित्येक वर्षं वापरत होती. ते आपल्या भाषेचे असे लचके तोडायचं की 'कोन मोजा' म्हटलं तर मुलं विचारायची, "कोण?" म्हणून देशी सॉफ्टवेअर तपासायच्या समितीवर घेतलं, तेव्हा सर हरखूनच गेले.

ते बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरने संगणकावर एक धडा वाचायला लावला. 'न' वेगळा, 'ण' वेगळा, 'ळ' ठसठशीत. पण दुसऱ्याच वाक्याला सर ताडकन उठले.

"अहो, या तर आमच्या ताई!"

ताई म्हणजे शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणाऱ्या बाई. सर त्यांच्याच आवाजावर शिकून मोठे झालेले.

"त्यांना विचारलंत का?"

"रेकॉर्डिंग ग्रंथालयानेच दिली, सर, त्यांवरूनच हा आवाज बनवला. आणि परदेशी कंपन्या कुठे कुणाला विचारतात? आपण तर आपल्याच लोकांसाठी करतोय."

"म्हणजे आपल्या माणसाने खिसा कापला तर चालतो?"

मुख्याध्यापिका वैतागल्या. "इतकी वर्षं तुम्हीच कुरकुरत होतात. आता घास तोंडाशी आलाय, तर खडे कसले शोधताय?"

सरांनी तिथूनच ताईंना फोन लावला. ताईंना कशाचा पत्ताच नव्हता.

"विचारलं असतं तर आनंदाने हो म्हटलं असतं रे," त्या म्हणाल्या. "आता नाही म्हणायची सोय कुठे ठेवलीय? नाही म्हटलं तर मुलांच्या वाईटावर मीच. तूच सांग, काय बोलू?"

'आधी ताईंची लेखी परवानगी, मगच मंजुरी,' असं त्यांनी समितीला निक्षून सांगितलं. "ते पुढचं पुढे बघू," म्हणत बाकी चौघांनी मंजुरीसाठी हात वर केले.

सोमवारपासून वर्गात ताई बोलू लागल्या. मुलं खूश. एवढ्या आनंदावर विरजण घालायचा सरांना धीर होईना, आणि धीर होत नाही म्हणून स्वतःचाच संताप येई.

कंपनीला त्यांनी तीन पत्रं पाठवली. महिन्याने उत्तर आलं. सरांनी ते उघडलं, आणि ताईंचा आवाज गोड वाचू लागला, "आपली सूचना विचाराधीन आहे..."

सरांनी संगणक बंद केला आणि चौथं पत्र ब्रेलमध्ये, हाताने टोचून लिहायला घेतलं.