नंदाबाईच्या चुलीतला विस्तव

माझं तोंड वाईट आहे, हे मला कुणी नव्यानं सांगायला नको. सासरी आल्या दिवसापासून ऐकत आलेय. पण त्या उन्हाळ्यात तोंडापेक्षा माझा ताठा जास्त नडला. तो एकट्या मलाच नडला असता, तर मी ही गोष्ट कुणाला सांगितलीही नसती.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. हसनाबादपासून थोडं बाहेर आमची वस्ती होती. दोन भावांची दोन घरं, मध्ये एक अंगण, मागे गोठे आणि कडब्याच्या चार गंजी. थोरले दीर कचरूभाऊ आणि माझी जाऊ नंदाबाई एका घरात, आम्ही नवरा-बायको दुसऱ्यात. शेताच्या पलीकडे गाडीवाट होती, आणि वाटेपलीकडे सरकारी रमणा, म्हणजे राखीव गवताचं मोठं कुरण. त्याचा रखवालदार महेमूद आपल्या बायकोबरोबर, अजीजुन्निसाबरोबर, रमण्याच्या कडेलाच झोपडी करून राहत असे. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. गवत कमरेइतकं वाढलं, आणि चैत्र संपता संपता असं वाळलं की चालताना पायाखाली कुरकुर वाजायचं.

नंदाबाईशी माझा दीड वर्ष अबोला होता. कारण सांगायची आता लाज वाटते, तरी सांगते. गावातल्या एका लग्नात ती चारचौघींत म्हणाली, "आमच्या झुंबरच्या भाकरीला तडे जातात." झालं. मी भर मांडवात तिचं माहेर काढलं. तेव्हापासून दोघे भाऊ एका औताला बैल जुंपत, एका विहिरीवर मोट हाकत, आणि आम्ही दोघी एकाच अंगणात एकमेकींकडे पाठ करून धान्य पाखडत असू. मध्ये एकदा ती तापानं पडली होती, तेव्हासुद्धा मी दारात गेले नाही.

त्या दिवशी पहाटे घरधनी भोकरदनच्या बाजाराला गेले आणि काड्यापेटी त्यांच्याच खिशात गेली. रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवायचा, एवढं पोरीबाळींनाही कळतं. मी नेमकी विसरले होते. चूल थंडगार. अंगणापलीकडे, मोजून दहा पावलांवर, नंदाबाईच्या घरातून धूर निघत होता. विस्तव मागितला तर कुणी नाही म्हणत नाही, आपल्याकडे तशी रीतच नाही. पण मग तिला कळलं असतं की झुंबरबाईला विस्तवही राखता येत नाही. मी गोवरी उचलली, गाडीवाट ओलांडली आणि थेट अजीजुन्निसाकडे गेले. दहा पावलं टाळायला पाव कोस चालले.

अजीजुन्निसानं हसतमुखानं गोवरीवर निखारे घालून दिले. वारं सुटलं होतं, म्हणून तिनं एक खापरही पुढं केलं.

"झुंबरबाई, उपर से ये ढांक लो. हवा बहोत है."

मी ते घेतलं नाही. एक तर परत द्यायला पुन्हा जावं लागलं असतं, आणि दुसरं म्हणजे मला कुणी शिकवलेलं सोसत नाही. मी काय आज पहिल्यांदा विस्तव नेतेय का, असं तिला सुनावलं आणि रमण्यातल्या पायवाटेनं निघाले. घरी पोचले तेव्हा गोवरीचा एक कोपरा जळून गळून पडलेला होता. तो कुठं पडला असेल, हा विचार मनात आला, खोटं कशाला बोलू. आला, आणि मी तो बाजूला सारला, कारण पीठ मळायचं होतं.

तिसरी भाकरी तव्यावर होती तेव्हा बाहेर गुरं हंबरायला लागली. दारात येऊन पाहिलं तर रमण्यावर पिवळट धूर, आणि त्याच्या बुडाशी माणसाच्या डोक्यापर्यंत उंच जाळ. वारं सरळ आमच्याकडे येत होतं. मला त्याच घडीला सगळं कळलं. आणि मी पहिलं काम काय केलं असेल? पाण्याची कळशी उचलली आणि स्वतःच्याच चुलीत ओतली. कुणी आत डोकावलं तर माझ्या चुलीत विस्तव दिसू नये म्हणून. इतकी वर्षं झाली, पण त्या फस्स आवाजाची मला अजून लाज वाटते.

कचरूभाऊंनी बैल सोडून ओढ्याकडे हाकलले. आरोळ्या ऐकून गावातनं वीस-पंचवीस माणसं धावत आली. कुणी ओली पोती आणली, कुणी कडुलिंबाच्या फांद्या. पण एका जागी झोडपून विझवावं तर जाळ चार हात पुढं जाऊन उभा राहायचा. आमच्या गंजी पेटल्या असत्या तर गोठे गेले असते, घरं गेली असती, आणि आमच्या मागं गावापर्यंत आडवं असं काहीच नव्हतं. गावाच्या या अंगाला सगळी कुडाची घरं. मी पोतं घेऊन धावत होते आणि मनात एकच चाललं होतं, हे सगळं माझं आहे, हे मी केलंय.

तेवढ्यात धुरातून महेमूद आला. त्याच्या भुवया जळल्या होत्या.

"झोडपून न्हाई थांबत," तो कचरूभाऊंना म्हणाला. "वाटेपलीकडचं गवत आपणच पेटवू. ते हळूहळू आगीच्या सामने जळत जाईल. मोठी आग इथं येईस्तोवर तिला खायला बिलकुल काही राहणार न्हाई. आपण वाटेवर उभं राहायचं आन् अलीकडं ठिणगी येऊ द्यायची न्हाई."

माणसं थबकली. सरकारी गवत आपल्या हातानं पेटवायचं, म्हणजे तालुक्याला बेड्या घालून नेतील. कचरूभाऊंनी तेच विचारलं, हे कुणाच्या नावावर घालायचं म्हणून.

"माझ्या," महेमूद म्हणाला. "जल्दी करा."

आणि मग विस्तवच मिळेना. समोर अख्खा रमणा जळत होता, पण वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून त्याच्या जवळ जाणं शक्य नव्हतं. रखवालदाराला काड्यापेटी बाळगायची मनाई. आलेल्यांपैकी एकाच्या पेटीत दोन काड्या निघाल्या, त्या वाऱ्यानं विझल्या. कचरूभाऊंनी माझ्याकडे वळून घरात विस्तव आहे का विचारलं. मी पदर पुढं ओढला आणि मान हलवली. नाही, विझलाय.

मग मी ती दहा पावलं चालले.

नंदाबाई देव्हाऱ्यातले देव पदरात बांधत होती. मी उंबऱ्यात उभी राहिले. दीड वर्षानं त्या घराचा वास नाकात गेला.

"जाऊबाई, विस्तव द्या."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या जागी मी असते तर काहीतरी बोलले असते, नक्की बोलले असते. तिनं देव खाली ठेवले, चुलीतली राख बाजूला केली, चांगले रसरशीत निखारे खापरात भरले आणि वर दुसरं खापर पालथं घातलं.

"धर," ती म्हणाली. "झाकून ने. वारं हाय."

मी ते खापर दोन्ही हातांनी छातीशी धरून पळाले. तळहात भाजत होते, पण मी वरचं खापर हलू दिलं नाही. महेमूदनं वाळल्या गवताची जुडी त्यात पेटवली आणि वाटेच्या कडेकडेनं आग लावत गेला. आम्ही सगळे वाटेवर ओळीनं उभे राहिलो. धुरानं शेजारचं माणूस दिसत नव्हतं. एक ठिणगी माझ्या पायाशी पडली, ती कुणीतरी ओल्या पोत्यानं दाबली. पाहिलं तर नंदाबाई. आम्ही लावलेली आग वाऱ्याला तोंड देत इंच इंच पुढं सरकत होती. पलीकडून मोठी आग धावत आली. दोन्ही भिडल्या, एकदाच भडका आभाळाला गेला, आणि मग खायला काही नाही म्हणून ती जागच्या जागी बसली. उडत आलेल्या ठिणगीनं आमची एक गंज तेवढी गेली. तीन वाचल्या. घरं वाचली.

दिवस कलता कलता रामराव पाटील आले. तालुक्याला कळवणं त्यांना भाग होतं. तोवर घरधनीही बाजारातून परतले होते. सगळ्यांनी जळाल्या गवताची रेघ पाहिली होती, ती महेमूदच्या झोपडीजवळनंच सुरू होत होती. पाटील म्हणाले, आग ह्याच्याच चुलीतून लागली हे आंधळ्यालाही दिसेल, आता याची नोकरी राहत नाही आणि झोपडीही नाही. ज्यानं गाव वाचवलं तो माणूस मान खाली घालून उभा होता. अजीजुन्निसानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. ती बोलणार नव्हती. बोलली तर मी नाकबूल करेन, आणि लोक माझंच खरं मानतील, हे तिला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. कुणी काही विचारलं नव्हतं, मी गप्प बसले असते तर सुटले असते.

"पाटील," मी म्हणाले, "आग महेमूदच्या चुलीतून न्हाई लागली. मी त्याच्या घरून विस्तव आणून राह्यले व्हते. अजीजुन्निसा खापर देत व्हती, मीच घेतलं न्हाई. वाटेत गोवरीचा तुकडा पडला. तुमच्या कागदावर माझं नाव घाला."

घरधन्यांनी माझ्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही, इतके ते थिजले. पाटलांनी विचारलं, "अंगणात जावेची चूल असताना तिकडं कशाला गेल्तीस?"

हे सांगणं आगीपेक्षा अवघड होतं. पण सांगितलं. लग्न, भाकरी, तडे, दीड वर्षाचा अबोला, सगळं. शेवटी चूल विझवली तेही सांगितलं. पन्नास माणसांपुढं, भाजलेल्या हातांनी डोळे पुसत. कुणी हसलं नाही. मग मागून नंदाबाई पुढं आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

"तिच्या भाकरीचं मी बोलले, तवा हे झालं," ती म्हणाली. "लिवायचं तर दोघींची नावं लिवा."

पाटलांनी काय लिहिलं, मला अजून ठाऊक नाही. वैशाखात एक अंमलदार घोड्यावरून आला, रमणा पाहिला, गाडीवाटेवरची काळी रेघ पाहिली आणि महेमूदला बराच वेळ काहीबाही विचारलं. आम्ही दोघी जावा पदर डोक्यावर घेऊन उभ्या होतो, आमच्याकडेही वळून चार कडक शब्द बोलला. पण महेमूद राहिला. पुढच्या माघात वाटेकडेचं दहा हात गवत कापून काढायला पहिला विळा मी घेऊन गेले, दुसरा नंदाबाई. तिसऱ्या दिवशी निम्मं गाव आलं. तेव्हापासून दर माघात ती पट्टी साफ होते, आणि रमण्याची आग पुन्हा कधी वाट ओलांडून आली नाही.

आता घरोघरी काड्यापेट्या झाल्या. माझ्या फडताळातही दोन आहेत. तरी रोज सकाळी मी खापर घेऊन अंगण ओलांडते. नंदाबाईचे हात आता कापतात, निखारे भरायला तिला वेळ लागतो. तेवढ्यात ती म्हणते, "झुंबर, काल तुझ्या भाकरीला पुन्हा तडे गेल्ते." मी म्हणते, गेल्ते खरे. आणि विस्तव झाकून घरी आणते.