चार बोटं माया

मित्रांनो, मी एक जुनी मातीची कुंडी आहे, आणि चांगली ऐसपैस आहे. तुमच्यातला एखादा लहानगा माझ्यात सहज मांडी घालून बसेल. मला घडवणाऱ्या कुंभारीणबाईंचा हात माझ्या तळापर्यंत पोहोचेना, म्हणून त्यांनी मला दोन भागांत घडवलं आणि मधोमध जोडलं. तळाला अंगठ्याने तीन भोकं पाडली. भट्टीत माझ्या शेजारच्या दोघी तडकल्या, मी टिकले. "ही जन्मभर पुरेल," असं बाई म्हणाल्या. झालं, तेवढ्यावर माझा भाव वधारला.

पुढे मी एका रोपवाटिकेच्या फाटकाशी येऊन बसले. येणारा-जाणारा मला टिचकी मारून बघायचा, खणखणीत आवाज ऐकून मान डोलवायचा आणि प्लॅस्टिकची हलकी कुंडी काखेत मारून निघून जायचा. नुसत्या कौतुकाने पोट भरत नाही. दोन वर्षं मी रिकामीच होते.

एके सकाळी एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांनी चाळीस वर्षं शिवणकाम केलं होतं आणि सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. त्यांच्या हातात चहाचा कागदी पेला होता, आणि पेल्यात बोटभर उंचीची गुलाबाची काडी. मास्तरांच्या बायकोने दुकानाच्या पायरीशी गुलाब लावला होता. ती आदल्या वर्षी वारली होती. मग दुकानाची इमारत पाडायची ठरली, तेव्हा मास्तरांनी त्या झाडाच्या तीन फांद्या कापून आणल्या. दोन सुकल्या. ही तिसरी कशीबशी रुजली होती, आणि चार पानं धरून उभी होती.

"ही मोठी द्या," मास्तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

"एवढ्याशा काडीला?" रोपवाटिकेच्या बाई म्हणाल्या. "मास्तर, मुळांच्या भोवती चार बोटं जागा पुष्कळ झाली. बाकीची माती नुसती ओली बसेल."

"अहो, वाढत्या अंगाचं आहे ते. पोरांचे कपडे शिवताना मी कधी हात आखडता घेतला नाही. भरपूर माया ठेवायचो. इथे कशाला चिंगूसपणा करू?"

शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात ना मित्रांनो, त्याला शिंपी माया म्हणतात. पोर वाढलं की शिवण उसवायची आणि कपडा मोठा करायचा. तोच हिशेब मास्तरांनी मला लावला. बाईंनी हात टेकले. मला बोलता आलं असतं, तर मी तरी त्यांना अडवलं असतं का? खोटं कशाला सांगू, नसतं अडवलं. मला कोणीतरी हवं होतं.

मास्तरांच्या परसात, स्वयंपाकघराच्या दाराशी, माझी जागा ठरली. माझ्या एवढ्या मोठ्या पोटात ती काडी कुठल्या कुठे हरवून गेली. मास्तर सकाळ-संध्याकाळ तांब्याने पाणी घालायचे. वरची माती सुकली दिसली की आणखी एक तांब्या. ते पाणी पिऊन संपवायला काडीला मुळं होती किती? खालची माती चिखल होऊन बसली. माझ्या तळाला भोकं होती, पण एवढी ओल त्यांच्यानेही निथळेना. पानं पिवळी पडायला लागली. मास्तरांना वाटलं, तहानलंय. त्यांनी पाणी वाढवलं. अति तिथे माती म्हणतात, आमच्याकडे ती शब्दशः झाली.

मास्तरांच्या सूनबाई एका बुटांच्या दुकानात कामाला होत्या. कामावरून आल्या की दमून पायरीवर बसायच्या. एकदा तिथे बसूनच त्यांनी माझ्या मातीत बोट खुपसलं. दोन पेरं आत गेलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बाबा, आत सगळं गार पडलंय. मुळं कुजताहेत याची."

"असं कसं होईल? मी चांगली मोठी जागा दिली त्याला."

"कपडा वाढत्या अंगाचा चालतो बाबा, बूट नाही चालत. सैल बुटात पोर तोंडावर पडतं. रोज बघते मी."

मास्तरांनी एक पिवळं पान बोटांत धरलं. मग हळूच म्हणाले, "तिचं एवढंच उरलं होतं गं."

"अजून आहे. होतं म्हणू नका."

दोघांनी मिळून काडी अलगद उपसली. निम्मी मुळं काळी पडली होती. मास्तर घरात जाऊन आपली कापडाची कात्री घेऊन आले. त्या कात्रीने कोणी साधा कागद कापला तरी ते घर डोक्यावर घ्यायचे. आज तिनेच त्यांनी एकेक काळं मूळ कापून टाकलं. उरलेलं रोप पेल्याएवढ्या कुंडीत गेलं. मला रिकामं करून भिंतीशी पालथं घातलं.

मला राग आला नाही, लाज वाटली. मी त्याला मारायला निघाले होते, आणि तेही आनंदाने.

पालथ्या घड्यावर पाणी म्हणजे काय, ते मी चार वर्षं अनुभवलं. माझ्यावर बसून माणसं चपला घालायची. शेजारची मांजर ऊन खात झोपायची. समोर गुलाब मात्र वाढत होता. दरवर्षी मास्तर टेप घेऊन त्याचं माप घ्यायचे आणि चार बोटं मोठी अशी नवी कुंडी आणायचे. त्या छोट्या कुंड्यांचा मला हेवा वाटायचा, हेही सांगून टाकते.

मागच्या महिन्यात त्याला चौथी कुंडीही अपुरी पडली. मास्तरांनी आधी त्याचं माप घेतलं, मग माझं घेतलं, आणि सूनबाईंना म्हणाले, "आता हिला उठव."

सूनबाईंनी मला उताणं केलं, आतून घासून धुतलं.

"बाबा, तुम्ही बसवा त्याला."

"नको. तू बसव, मी नुसता धरतो."

मित्रांनो, कुंडी घ्यायला जाल तेव्हा रोप बरोबर न्या, त्याची मुळं बघा आणि मग माप ठरवा. तळाला भोक आहे ना, ते बघा. पाणी घालण्याआधी मातीत बोट घालून बघा. आणि परसात एखादी मोठी कुंडी रिकामी पडलेली असेल, तर तिला अडगळ म्हणून फोडू नका. तिच्या मापाचं झाड अजून कुठेतरी वाढत असेल.

आज सकाळी एक बारीक मूळ माती सारत सारत आलं आणि माझ्या कडेला टेकलं. मास्तर शेजारीच खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. त्यांना हाक मारून सांगावंसं फार वाटलं, की मास्तर, तिचं झाड माझ्यापर्यंत पोहोचलं.